मिक्स एकजीव होतो तो बसवर

भुसावळमध्ये 'बस' म्हटले की ऐकणाऱ्याला एसटीचे स्थानक आठवते, आणि तेही थोड्या कुरकुरीने, कारण या गावाचा सगळा जीव रेल्वेत गुंतलेला आहे. ध्वनिमिश्रणातील बसचा त्या लाल गाडीशी काही संबंध नसावा असे मला बरीच वर्षे वाटत होते, पण नाते अगदीच दूरचे नाही. 'सर्वांसाठी' अशा अर्थाचा 'ऑम्निबस' हा लॅटिन शब्द; त्याचे शेपूट रस्त्यावरच्या गाडीला मिळाले, वीजघरात अनेक जोडण्यांना एकत्र प्रवाह पुरवणाऱ्या पट्टीला 'बसबार' म्हणून मिळाले, आणि मिक्सिंग कन्सोलमध्ये जिथे अनेक चॅनेलांचे संकेत एका वाहिनीवर येऊन मिळतात तिलाही तेच नाव चिकटले. या वाहिनीवर काय करावे, किती करावे आणि मुख्य म्हणजे केव्हा करावे, याविषयी गेल्या दोन वर्षांत माझे मत पुष्कळ बदलले. ते कसे बदलले, हे एका ट्रॅकच्या निमित्ताने मांडतो.

हा ट्रॅक १२५ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२५ मात्रांचा, आणि साध्या हाऊस अंगाचा, म्हणजे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा आहे. त्याच्या मध्यभागी माझ्या आत्याचा आवाज आहे. आत्या अमळनेरकडची; श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या, वेळी ती घरात गुणगुणत होती, ते मी मोबाइलवर टिपून ठेवले होते. त्यामागे कूलरची घरघर आहे, मध्येच पातेले पडल्याचा आवाज आहे, आणि एका ठिकाणी कोणीतरी नैवेद्याच्या रोटासाठी गहू किती घेतले ते विचारते आहे. या आवाजाखाली मी किक (खर्जातला मुख्य ठोका), क्लॅप (टाळी), हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका), दोन पदरी बेसलाइन, तीन पॅड (सिंथचे लांबलेले स्वर) आणि एक लीड (सिंथची मुख्य धून) बसवली. एकूण २६ ट्रॅक झाले. प्रत्येक ट्रॅक वेगळा ऐकला की बरा वाटायचा. सगळे एकत्र वाजले की मात्र आत्या एका खोलीत गाते आहे आणि शेजारच्या घरात कोणीतरी मशीन लावले आहे, असे ऐकू यायचे.

माझी जुनी सवय अशी होती की सगळे मिक्सिंग आटोपल्यावर, अगदी शेवटच्या रात्री, मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटच्या वाहिनीवर, चारपाच प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी छोटी सॉफ्टवेअरे) चढवायचे आणि त्याला 'पॉलिश' म्हणायचे. भांडे घासून झाल्यावर कल्हई करावी तसा हा प्रकार होता. हा क्रम मुळातच चुकीचा आहे असे आता मला वाटते. कॉम्प्रेसर म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आपोआप दाबणारे साधन. बसवरचा कॉम्प्रेसर हा एकेका फेडरच्या, म्हणजे ट्रॅकची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या बटणाच्या, जागेवर परिणाम करतो. किक अर्धा डेसिबल वाढवली तर तो कॉम्प्रेसर क्लॅपला किंचित खाली ढकलतो. म्हणजे तो शेवटी चढवला तर आधी घेतलेले सगळे निर्णय थोडेथोडे हलतात, आणि मग माणूस पुन्हा मागे जाऊन फेडर सरकवत बसतो. त्यापेक्षा पहिल्या तासातच बस बांधाव्यात, त्यांच्यावर हलकी प्रक्रिया सुरू ठेवावी आणि ती ऐकतच पुढचे मिश्रण करावे, हे कमी कष्टाचे आहे.

बस बांधणे म्हणजे कोण कोणासोबत राहणार हे ठरवणे. मी सुरुवातीला वाद्यांच्या जातीप्रमाणे गट करायचो: सगळे ताल एकीकडे, सगळे सिंथ दुसरीकडे. या ट्रॅकमध्ये ते जमले नाही. किक आणि बेस यांचे भांडण एकाच तळघरातले असते, म्हणून त्या दोघांची एक बस केली. क्लॅप, हॅट आणि इतर ठोके दुसऱ्या बसवर गेले. पॅड आणि लीड तिसऱ्या बसवर, आणि आत्याचा आवाज, त्याची दुसरी प्रत व त्याचे कापून केलेले तुकडे चौथ्या बसवर. या चारही बस एका मिक्स बसवर येतात. रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) यांच्या परतीच्या बस, म्हणजे ज्यांवर फक्त तो परिणाम येतो त्या, निराळ्या आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

इंग्रजीत या कामाला 'ग्लू' म्हणतात, आणि एबलटन लाइव्ह या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या २०१३ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून त्यात त्याच नावाचा कॉम्प्रेसर मिळतो, जो १९८० च्या दशकातील कन्सोलवरच्या बस कॉम्प्रेसरच्या धर्तीवर केलेला आहे. डिंकाची ही कल्पना मला फारशी पटत नाही. डिंकाने दोन वस्तू चिकटतात, पण त्या दोनच राहतात. आपल्याकडे यासाठी अधिक नेमका शब्द आहे: एकजीव. आमच्या भागात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि हिरवी मिरची, लसूण घालून लाकडी दांड्याने ठेचतात. ठेचणे कमी पडले तर मिरची एकीकडे, वांगे एकीकडे राहते. जास्त झाले तर लगदा होतो आणि वांग्याचा धागा हरवतो. यांच्या मधली जागा हाताला कळते. कॉम्प्रेसरची सुई एक ते दोन डेसिबल हलते तेव्हा ती जागा बहुधा सापडते, आणि चारपाच डेसिबल हलू लागली की लगद्याची सुरुवात झालेली असते.

एकजीव होण्यामागचे कारण साधे आहे. एकेका ट्रॅकवरचा कॉम्प्रेसर फक्त त्या ट्रॅकचे ऐकतो, तर बसवरचा कॉम्प्रेसर सगळ्यांची बेरीज ऐकतो आणि सगळ्यांनाच एकाच क्षणी, सारख्याच प्रमाणात दाबतो. जे आवाज एकाच वेळी उतरतात आणि एकाच वेळी चढतात, ते एकाच ठिकाणाहून येत आहेत असे कान धरून चालतो. क्लॅप कोणत्या सॅम्पल पॅकमधली, हॅट कोणत्या ड्रम मशीनची, हे त्याला मग वेगळे काढता येत नाही.

यात अटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) यांना थ्रेशोल्डपेक्षाही, म्हणजे दाबणे जिथून सुरू होते त्या पातळीपेक्षाही, अधिक महत्त्व आहे असे माझे मत आहे, आणि नवे लोक नेमके याच दोन बटणांकडे दुर्लक्ष करतात. किकचा 'ठक्' पहिल्या काही मिलिसेकंदांतच होऊन जातो. अटॅक १ मिलिसेकंदावर ठेवला तर तो ठोकाच दाबला जातो आणि मागे नुसता फुगीर 'धुम्' उरतो. १० किंवा ३० वर ठेवला तर ठोका सुटून जातो आणि त्यामागचे शरीर तेवढे आवरले जाते. रिलीजचे गणित लयीशी बांधलेले आहे. १२५ बीपीएमला एक मात्रा बरोबर ४८० मिलिसेकंदांची होते, कारण ६०,००० ला १२५ ने भागले की ४८० येतात. हॅट दोन किकांच्या मधोमध, म्हणजे २४० मिलिसेकंदांवर वाजते. रिलीज ०.६ सेकंदांवर ठेवला तर कॉम्प्रेसर एका किकमधून पुरता सावरण्याआधीच दुसरी येते. तो कायमच दबलेला राहतो आणि सगळे मिश्रण मागे खेचल्यासारखे होते. ०.१ वर ठेवला तर हॅट वाजेपर्यंत तो बराचसा सैल झालेला असतो आणि हॅट उसळी मारून वर येते. मला ती उसळी थोडी कमी हवी होती, म्हणून मिक्स बसवर २:१ चा रेशो (दाबण्याचे प्रमाण), ३० चा अटॅक आणि ०.३ चा रिलीज ठेवला. हे आकडे म्हणजे कानाला दिलेला पहिला अंदाज, एवढेच. तुमची लय ९५ ची असेल तर ते उपयोगाचे नाहीत.

आणखी एक गोष्ट बराच काळ माझ्या लक्षात आली नव्हती. कोणत्याही नाचाच्या संगीतात सर्वांत जास्त ऊर्जा तळाशी असते. म्हणून मिक्स बसवरचा कॉम्प्रेसर जवळजवळ फक्त किकचेच ऐकतो आणि शिक्षा मात्र आत्याला होते. प्रत्येक किकला तिचा आवाज खाली बुडायचा. यावर उपाय असा की कॉम्प्रेसरच्या 'कानात', म्हणजे त्याच्या साइडचेनमध्ये, साधारण १०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे स्वर गाळणारी चाळणी, लावावा. ऐकू येणाऱ्या आवाजातला तळ तसाच राहतो, फक्त निर्णय घेताना कॉम्प्रेसर त्याला मोजत नाही. हा एक बदल केला आणि आत्या पुन्हा उभी राहिली.

तळाच्या बसवर मी उलट चूक केली होती. तिथे अटॅक आणि रिलीज दोन्ही अतिजलद ठेवले, कारण मला किक 'घट्ट' हवी होती. ५० हर्ट्झच्या लाटेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. कॉम्प्रेसर त्याहून चपळ झाला तर तो आवाजाच्या एकूण पातळीऐवजी लाटेच्या प्रत्येक चढउताराच्या मागे धावतो आणि लाटेचा आकारच बिघडवतो. त्यातून बेसला जी खरखर आली, तिला मी दोन आठवडे 'कॅरेक्टर' म्हणून मिरवत होतो.

सॅच्युरेशनची, म्हणजे लाटेचा आकार मुद्दाम किंचित बिघडवून नवे स्वर आणण्याची, गोष्ट याहून अधिक रंजक आहे. मोबाइलच्या स्पीकरला ५० हर्ट्झ देणे शक्य नसते, पण बेसवर हलके सॅच्युरेशन लावले की १००, १५०, २०० हर्ट्झवर त्याचे गुणित स्वर तयार होतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वराचा अंदाज बांधतो. त्यामुळे तळाच्या बसवर ते उपयोगी पडते. तेच सॅच्युरेशन मी हौसेने पॅडच्या बसवर लावले आणि ट्रॅक गढूळ झाला. कारण असे की अनेक स्वर मिळून एकाच सॅच्युरेशनमधून गेले की फक्त त्यांचे गुणित स्वर निर्माण होत नाहीत, तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर निर्माण होतात. माझ्या पॅडमध्ये २२० हर्ट्झचा सा होता आणि कीबोर्डवरचा शुद्ध गंधार, जो २७७ च्या आसपास येतो. यांची वजाबाकी ५७. खाली बेस ५५ हर्ट्झचा सा धरून बसलेला. म्हणजे बेसच्या खुर्चीला खेटून एक बेसूर पाहुणा येऊन बसला होता. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार या साच्या सव्वापट, म्हणजे २७५ हर्ट्झवर, पडतो आणि २२० शी त्याची वजाबाकी बरोबर ५५ येते. जुन्या लोकांना कीबोर्डचा गंधार का खुपतो, हे मला त्या रात्री प्लगइनच्या पडद्यावर दिसले. मी पॅडच्या बसवरचे सॅच्युरेशन काढून टाकले आणि फक्त सर्वांत वरच्या पॅडवर, एकट्यावर, थोडे ठेवले.

इक्वलायझरविषयी, म्हणजे खालवरचे स्वरपट्टे कमीअधिक करणाऱ्या साधनाविषयी, फार लिहिण्यासारखे नाही. बसवर रुंद, मऊ वळणे द्यावीत, एखाद्या डेसिबलची. तीन डेसिबलपेक्षा जास्त काही करावेसे वाटले तर दोष बहुधा एखाद्या ट्रॅकमध्येच असतो; तो तिथे जाऊन दुरुस्त करावा.

या सगळ्यात फसवणुकीचा एक मोठा धोका आहे आणि तो पातळीचा आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मांडलेल्या वक्रांवरून दिसते की आवाज हळू असताना कानाला तळ कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तोच तळ भरून येतो. म्हणून कोणतेही प्लगइन एका डेसिबलने जरी आवाज वाढवत असेल तरी ते सुधारणा करते आहे असा भास होतो. कॉम्प्रेसरच्या 'मेकअप'ची, म्हणजे दाबल्यावर परत वाढवलेल्या पातळीची, किंमत आधी वजा करावी, चालू आणि बंद दोन्ही स्थितींत पातळी सारखी करावी, आणि मग डोळे मिटून बटण दाबत राहावे. मी हे प्रामाणिकपणे केले तेव्हा मिक्स बसवरच्या सहापैकी चार प्लगइनांनी काहीच भर घातलेली नव्हती. त्यांतले एक मी पैसे देऊन विकत घेतले होते, त्यामुळे ते काढताना जिवावर आले.

माझ्या घरापासून रुळ जवळ आहेत. मालगाडी जाऊ लागली की भिंतीतून जो खोल घरघराट येतो, तो किकच्या प्रदेशातलाच असतो आणि त्या दोन-तीन मिनिटांत तळाविषयी घेतलेला कोणताही निर्णय चुकतो. मे महिन्यात कूलर चालू ठेवला तर वरचे ऐकू येत नाही आणि बंद ठेवला तर माणूस बसू शकत नाही. म्हणून तळाच्या बसचे काम मी रात्री दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत करतो, आणि उरलेले हेडफोनवर.

किकने बेस आणि पॅड यांना बाजूला सारावे यासाठी साइडचेन डकिंग (एक आवाज वाजताच दुसऱ्याला आपोआप दाबणे) मी बसवरच लावतो, एकेका ट्रॅकवर लावत नाही. तीन पॅडांवर तीन वेगळे डकिंग असले की प्रत्येकाचा श्वास वेगळा होतो. बसवर एकच असले की सगळे मिळून श्वास घेतात. फक्त एवढे पाहावे की श्वास पुढच्या किकच्या आत पूर्ण व्हावा. बेस मात्र किकसोबत एकाच बसवर असल्यामुळे त्याचे डकिंग त्याच्या ट्रॅकवरच करावे लागते, नाहीतर किक स्वतःलाच दाबू लागते. ही चूकही माझ्या हातून झालेली आहे.

आता सर्वांत महाग पडलेला धडा. आत्याचा आवाज मोबाइलवर मोनो, म्हणजे एकाच वाहिनीत, टिपलेला. तो रुंद व्हावा म्हणून मी तिच्या बसवर उजव्या बाजूला १० मिलिसेकंदांचा विलंब दिला. हेडफोनवर आवाज असा फुलला की मी खूश होऊन ट्रॅक एका नातेवाइकाच्या हळदीला वाजवायला दिला. तिथल्या डीजेच्या गाडीवर डावे-उजवे एकत्र करून सगळे मोनोच वाजत होते. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की १० मिलिसेकंदांच्या विलंबामुळे ५०, १५०, २५०, ३५० अशा दर १०० हर्ट्झवर लाटा एकमेकींना खोडतात आणि आवाजाला फणीसारखे दात पडतात. मांडवात आत्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा ऐकू आला. ती हळदीची वाटी हातात धरून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काय रे भाऊ, हाऊ मना आवाज शे का?" मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर नियम केला. रुंदी द्यायची ती मूळ आवाजाला हात न लावता; आवाज मध्यभागी, आणि रुंदी फक्त परतीच्या बसवरच्या रिव्हर्बची. तळाची बस १२० हर्ट्झखाली पूर्ण मोनो. आणि मिक्स बसच्या शेवटी एक मोनोचे बटण कायमचे बसवलेले, जे मी दर दहा-पंधरा मिनिटांनी दाबतो.

परतीच्या बसवर रिव्हर्ब एकच ठेवला आहे आणि क्लॅप, लीड, आत्या असे तिघेही त्यात कमीअधिक प्रमाणात जातात. एकाच देवळाच्या सभामंडपात सगळे बसले आहेत असे वाटण्यासाठी मंडप एकच असावा लागतो. रिव्हर्बच्या आधी इक्वलायझर लावून ३०० हर्ट्झच्या खालचे आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचे कापले. खालचे ठेवले असते तर मंडपात चिखल झाला असता, आणि वरचे ठेवले असते तर कूलरची सूं-सूंही घुमली असती. शिवाय आत्या गात असेपर्यंत हा रिव्हर्ब तिच्याच आवाजाने दोन डेसिबल दबतो आणि ओळ संपली की वर येतो. शब्द स्वच्छ राहतात आणि श्वासाच्या जागा भरल्या जातात. संपूर्ण ट्रॅकमध्ये मला सर्वांत जास्त समाधान याच एका गोष्टीने दिले.

मिक्स बसवर शेवटी उरले ते एवढे: तो २:१ चा कॉम्प्रेसर आणि एक लिमिटर, जो आवाजाला ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ देत नाही, शिखरांवर दीड डेसिबल घेतो आणि ट्रू पीक (लाटेचे खरे शिखर) उणे १ वर थांबवतो. एकूण प्रखरता उणे ९ लफ्सच्या (कानाला जाणवणारी प्रखरता मोजण्याचे एकक) जवळ आली. स्पॉटिफाय सर्वसाधारण स्थितीत ट्रॅक उणे १४ वर आणून वाजवते, म्हणजे माझा ट्रॅक तिथे पाच डेसिबल खाली ओढला जाणार. उणे ६ पर्यंत पिळला असता तर तो आठ डेसिबल खाली आला असता आणि पिळलेपणा तेवढा शिल्लक राहिला असता. मांडवातल्या डीजेला प्रखर फाइल हवी असते, हे मान्य आहे. त्याच्यासाठी वेगळी प्रत काढली, लिमिटर एक डेसिबल अधिक.

धुळ्याच्या एका मित्राने रीमिक्ससाठी चारही बसच्या स्वतंत्र फाइली मागितल्या, तेव्हा शेवटची गोम लक्षात आली. मी त्या मिक्स बसवरचा कॉम्प्रेसर आणि लिमिटर चालू ठेवून एकेक करून काढल्या. त्याने त्या परत एकत्र केल्यावर ट्रॅक मूळ ट्रॅकसारखा वाजेना. आत्या पुढे आलेली, ठोके उसळलेले. साहजिकच होते, कारण आत्याची बस एकटी वाजताना कॉम्प्रेसरला दाबण्याजोगे काही सापडतच नव्हते; तो बेरजेवर चालतो आणि बेरीज मीच मोडली होती. दुसऱ्यांदा मिक्स बसवरचे सगळे बंद करून फाइली काढल्या, कॉम्प्रेसरचे आकडे वेगळे लिहून दिले, आणि रिव्हर्बच्या परतीची पाचवी फाइल जोडली, जी पहिल्या खेपेला पाठवायची राहूनच गेली होती.